दोन चुकांनी जुळवलेला आकडा : सक्रिय कोळशाच्या पृष्ठीय क्षेत्रफळाचे एक प्रकरण

सक्रिय कोळशाच्या एकाच डब्यातल्या भुकटीचे दोन अहवाल समोर आहेत. पहिल्यात पृष्ठीय क्षेत्रफळ १,१३६ चौरस मीटर प्रति ग्रॅम, दुसऱ्यात ९१८. यंत्र एकच, सॅम्पल ट्यूब तीच, पद्धतही तीच : ७७ केल्विनला नायट्रोजनचे अधिशोषण मोजायचे आणि बीईटी समीकरणाने हिशेब करायचा. कोळशासाठी किमान १,१०० ची अट आहे. म्हणजे एका कागदावर माल पास, दुसऱ्यावर नापास.

हे प्रकरण कोणत्या एका प्रयोगशाळेचे नाही. अधिशोषणाच्या मापनात वरचेवर होणाऱ्या चुका एकत्र करून, गणित शेवटपर्यंत जुळेल अशा आकड्यांनी ते उदाहरण म्हणून बांधले आहे. वाचताना कॅल्क्युलेटर हाताशी ठेवला तर उत्तम.

यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू व्हॅन डर वाल्स आकर्षणाने येऊन बसतात, ते अधिशोषण. रेणू पदार्थाच्या आत विरघळत नाहीत, पृष्ठभागावरच राहतात. तापमान कमी केले की ते जास्त बसतात, दाब वाढवला की आणखी बसतात. तापमान स्थिर ठेवून दाबासोबत बसलेल्या वायूचे प्रमाण मांडले की समतापी वक्र मिळतो. ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये या वक्रातून एकथर, म्हणजे पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर, भरायला लागणारे वायूचे घनफळ काढण्याचे समीकरण दिले. तेच बीईटी.

वायूचा दाब भागिले संपृक्त दाब (ज्या दाबाला वायू त्या तापमानाला द्रव होऊ लागतो तो) म्हणजे सापेक्ष दाब. त्याला क्ष म्हणू आणि ग्रॅममागे अधिशोषित घनफळाला व. हे घनफळ शून्य अंश सेल्सिअस आणि एका वातावरण दाबावरचे धरतात. क्ष ÷ [व × (१ − क्ष)] ही राशी क्ष समोर मांडली की दाबाच्या योग्य पट्ट्यात सरळ रेषा येते. रेषेचा उतार आणि छेद यांच्या बेरजेचा व्यस्तांक म्हणजे एकथरी घनफळ. उताराला छेदाने भागून त्यात १ मिळवला की स्थिरांक ‘सी’. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असे धरतात, त्यामुळे एकथरी वायूच्या दर घन सेंटिमीटरमागे ४.३५ चौरस मीटर क्षेत्रफळ येते.

यंत्र प्रत्यक्षात मोजते ते फक्त दाब आणि तापमान. ठाऊक असलेल्या घनफळातला वायू ट्यूबमध्ये सोडायचा, दाब स्थिरावू द्यायचा, आणि जितका वायू ‘हरवला’ तितका पृष्ठभागावर बसला असे मानायचे. वस्तुमान माणूस टाइप करतो. कोणते बिंदू रेषेत घ्यायचे हेही माणूस ठरवतो, किंवा न ठरवता सॉफ्टवेअरवर सोडून देतो. या प्रकरणाचे मूळ या दोन जागी आहे, पण संशय आधी तिसरीकडेच जातो.

पहिला संशय डीगॅसिंगवर

मापनाआधी नमुना निर्वातात तापवून त्यातली ओल आणि वायू काढून टाकतात, ते डीगॅसिंग. त्याच्यावर संशय जाणे स्वाभाविक आहे. कोळसा हवेतली ओल भरपूर धरतो, आणि ती नीट निघाली नाही तर नायट्रोजनला जागा उरत नाही. दुसऱ्या अहवालात क्षेत्रफळ कमी आले, म्हणजे त्या वेळी नमुना नीट सुकला नसेल, असा तर्क लगेच सुचतो. नोंदी पाहिल्या तर दोन्ही वेळा निर्वातात ३०० अंश सेल्सिअसला १० तास. शेवटी पंपाची झडप बंद करून दाब चढतो का तेही पाहिलेले. तो जवळजवळ चढला नाही. ही चाचणी साधी आहे आणि घड्याळात तास मोजण्यापेक्षा खात्रीची. ओल किंवा वाफाळ पदार्थ उरला असेल तर बंद ट्यूबमध्ये दाब हळूहळू चढत राहतो.

पण खरी खात्री वक्राच्या आकारातून होते. दोन्ही वेळच्या मोजणीतले बिंदू शेजारी ठेवले तेव्हा हे दिसले :

| सापेक्ष दाब | पहिला, घ.सेंमी/ग्रॅम | दुसरा, घ.सेंमी/ग्रॅम | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ०.०१ | ३०५.६ | २४७ | १.२३७ |
| ०.०५ | ३४०.२ | २७५ | १.२३७ |
| ०.१० | ३५५.० | २८७ | १.२३७ |
| ०.३० | ३७७.३ | ३०५ | १.२३७ |

शेवटचा रकाना नीट पाहावा. फरक कुठेच कमीजास्त होत नाही. डीगॅसिंग अपुरे असते तर सर्वात अरुंद रंध्रे आधी अडली असती. ती रंध्रे अगदी कमी दाबालाच भरतात, म्हणून वक्राच्या सुरुवातीच्या चढात तूट जास्त दिसली असती आणि गुणोत्तर दाबागणिक बदलले असते.

मोकळ्या जागेच्या घनफळातली चूक हाही नेहमीचा आरोपी. नमुना सोडून ट्यूबमध्ये उरलेली जागा हेलियमने मोजतात. ती चुकली तर अधिशोषित घनफळात दाबाच्या प्रमाणात चूक शिरते. समजा वातावरणीय दाबाला ०.५ घन सेंटिमीटर वायूची चूक झाली. नमुना ०.१ ग्रॅम असेल तर ०.३० सापेक्ष दाबाला ती ग्रॅममागे सुमारे १.५ घन सेंटिमीटर होते, म्हणजे ३०५ मध्ये अर्धा टक्का. ०.०५ ला तर पाव घन सेंटिमीटरच. ग्रॅममागे दोन-चार चौरस मीटर क्षेत्रफळाच्या पदार्थाला ही चूक मारक ठरते, इथे ती नगण्य आहे. शिवाय तिची खूण वेगळी असते : चूक दाबासोबत वाढत जाते.

संपृक्त दाबही असाच बाजूला पडतो. ड्यूअरमधल्या, म्हणजे थर्मॉससारख्या भांड्यातल्या, द्रव नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळत गेला की तापमान किंचित चढते. ०.१ केल्विनने चढले तर संपृक्त दाब साधारण १.१ टक्क्याने वाढतो. पण त्याने बिंदू आडव्या अक्षावर सरकतात. या कोळशाचा वक्र सुरुवातीच्या चढानंतर इतका सपाट आहे की त्याचा परिणाम जाणवणारही नाही.

सगळे बिंदू एकाच पटीने बदलले, तर चूक त्या राशीत असते जिने सगळ्या बिंदूंना सारखेच भागले आहे. ती राशी वस्तुमान. दोन्ही अहवालांतला ‘सी’ अगदी सारखा, उणे ५२, येतो तोही याचमुळे, कारण उतार आणि छेद एकाच पटीत बदलले की त्यांचे गुणोत्तर जागचे हलत नाही. (हा उणे ‘सी’ दोन्ही कागदांवर ठळक छापलेला होता. त्याच्याकडे पुढे येऊ.)

एक पर्याय अजून उरतो. दुसऱ्या वेळी डब्यातून काढलेल्या भागात राखेसारखा निष्क्रिय पदार्थ जास्त आला असेल, तरी सगळे आकडे एकाच पटीने उतरतील. या दोन शक्यतांचा निवाडा वक्रावरून होत नाही. त्यासाठी वजनांची वही उघडावी लागते.

वहीतली सहा वजने

पहिली चाचणी : बुचासह रिकामी ट्यूब ३१.४८२६ ग्रॅम, कोळसा घातल्यावर ३१.५९२६, डीगॅसिंगनंतर ३१.५६०२. म्हणजे कच्चा नमुना ११०.० मिलिग्रॅम, सुकल्यावर ७७.६.

दुसरी चाचणी : रिकामी ट्यूब तीच, ३१.४८२६. कोळसा घातल्यावर ३१.६००८, डीगॅसिंगनंतर ३१.५८५८. कच्चा नमुना ११८.२ मिलिग्रॅम, सुकल्यावर १०३.२.

सुकल्याची घट काढा. दुसऱ्या वेळी १२.७ टक्के, पहिल्या वेळी २९.५ टक्के. एकाच बंद डब्यातल्या भुकटीत एवढ्या तफावतीची ओल असू शकत नाही. राखेचा मुद्दा इथे निकाली निघतो, आणि बोट पहिल्या चाचणीच्या शेवटच्या वजनाकडे जाते. डीगॅसिंगची घट हा आकडा बहुतेक अहवालांत छापतच नाहीत. छापायला हवा. चुकीच्या वजनाची ती सर्वात स्वस्त आणि लवकर मिळणारी खूण आहे.

डीगॅसिंग संपल्यावर निर्वात ट्यूब तशीच काढत नाहीत. आधी तिच्यात वातावरणीय दाबापर्यंत वायू भरतात, मग बूच लावून तराजूवर ठेवतात. पहिल्या दिवशी भरला होता हेलियम, दुसऱ्या दिवशी नायट्रोजन. रिकामी ट्यूब मात्र दोन्ही वेळा हवा भरलेली असतानाच तोलली होती.

२५ अंशांना एक घन सेंटिमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ मिलिग्रॅम, हेलियमचे ०.१६. या ट्यूबमधली जागा १८ घन सेंटिमीटर, म्हणजे हवेऐवजी हेलियम आल्याने वजन १८ × १.०२ = १८.४ मिलिग्रॅमने कमी भरणार. चार दशांशांचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत बरोबर सांगतो. तो इथेही बरोबरच सांगत होता, फक्त नमुन्याच्या वजनातून जागेवर नसलेल्या हवेचे वजन वजा होत होते.

पडताळणीला दहा मिनिटे लागतात. तीच ट्यूब रिकामी करून, निर्वात करून, हेलियम भरून, तेच बूच लावून तोलायची. वजन आले ३१.४६४२ ग्रॅम. फरक १८.४ मिलिग्रॅम. तो पहिल्या वजनात मिळवला की नमुना ९६.० मिलिग्रॅम होतो, सुकल्याची घट १२.७ टक्क्यांवर येते, आणि ९६.० भागिले ७७.६ म्हणजे १.२३७.

हेलियमची आणखी एक खूण तराजूवरच दिसते. बूच सैल असेल तर हेलियम निसटतो, हवा आत शिरते, आणि तराजूचा शेवटचा आकडा सेकंदासेकंदाला वर चढत राहतो. ओल परत बसतानाही आकडा असाच चढतो, म्हणून लोक ते ओलीवर ढकलून पहिला दिसेल तो आकडा लिहून घेतात. सगळ्यात चुकीचा आकडा नेमका तो पहिलाच असतो.

नायट्रोजन भरल्यावर फरक इतका लहान का? नायट्रोजन हवेपेक्षा किंचितच हलका, त्यामुळे १८ घन सेंटिमीटरमागे वजन ०.७ मिलिग्रॅमने कमी भरते. दुसऱ्या बाजूने, खोलीच्या तापमानालाही कोळसा थोडा नायट्रोजन धरून ठेवतो, आणि त्याने वजन थोडे वाढते. दोन्ही परिणाम लहान आणि उलट दिशेचे असल्याने इथे सोडून दिले आहेत. मात्र अतिशय कमी नमुना घ्यावा लागला तर नायट्रोजनवरही निर्धास्त राहू नये.

वजन बरोबर, तरी ९१८ चूक

इथवर आल्यावर कोणीही म्हणेल की दुसरा अहवाल खरा, पहिला खोटा, माल नापास. ते घाईचे ठरेल, कारण उणे ५२ हा ‘सी’ अजून समोर उभा आहे. बीईटीच्या मांडणीत ‘सी’ पहिल्या थराच्या बंधनऊर्जेशी घातांकाने जोडलेला आहे. तो उणे असूच शकत नाही. उणे आला म्हणजे रेषा अशा बिंदूंवरून ओढली आहे जिथे हे समीकरण लागू नाही.

सॉफ्टवेअरने वापरलेला पट्टा होता ०.०५ ते ०.३०, पाठ्यपुस्तकातला नेहमीचा. सिलिका किंवा ॲल्युमिनासारख्या मध्यम रंध्रांच्या पदार्थांना तो चालतो. या कोळशात मात्र बहुतेक रंध्रे २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद आहेत. एवढ्या जवळ आलेल्या दोन भिंतींचे आकर्षण एकमेकांत मिसळते, आणि थरावर थर चढण्याऐवजी रंध्र अगदी कमी दाबालाच गच्च भरून जाते. ०.०५ ला पोचेपर्यंत बराचसा खेळ संपलेला असतो.

योग्य पट्टा डोळ्यांनी ठरवायचा नसतो. रुकेरोल यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष त्यासाठी आहेत, आणि सूक्ष्मरंध्री पदार्थांसाठी ते २०१० च्या आयएसओ ९२७७ मानकातही घेतले आहेत. पहिला निकष असा : व × (१ − क्ष) ही राशी दाबासोबत वाढती असेल तिथपर्यंतचेच बिंदू घ्यायचे. दुसऱ्या चाचणीची, म्हणजे बरोबर वजनाची, मोजणी घेऊन पाहू :

| क्ष | व | व × (१ − क्ष) |
|---|---|---|
| ०.००५ | २३६ | २३४.८ |
| ०.०१ | २४७ | २४४.५ |
| ०.०३ | २६६ | २५८.० |
| ०.०५ | २७५ | २६१.३ |
| ०.०८ | २८३ | २६०.४ |
| ०.१० | २८७ | २५८.३ |
| ०.२० | २९९ | २३९.२ |
| ०.३० | ३०५ | २१३.५ |

राशी ०.०५ च्या आसपास शिखर गाठते आणि उतरू लागते. म्हणजे सॉफ्टवेअरचा पट्टा जिथे सुरू झाला, तिथेच खरा पट्टा संपत होता. ०.००५ ते ०.०५ या चार बिंदूंवर रेषा बसवली तर उतार ०.००३७७५, छेद ०.०००००२८१, ‘सी’ सुमारे १,३४०, एकथरी घनफळ २६४.७ घन सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ १,१५२ चौरस मीटर प्रति ग्रॅम.

उरलेले निकषही तपासायचे. ‘सी’ धन आहे. एकथरी घनफळ २६४.७ वक्रावर कुठे येते पाहिले तर ०.०२९ च्या जवळ, म्हणजे निवडलेल्या पट्ट्याच्या आत. समीकरणानुसार ते १ ÷ (√सी + १) या दाबाला यायला हवे, तो निघतो ०.०२७. या दोहोंत २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. इथे तो दहाच्या आत आहे.

मूळ अहवालात सहसंबंध गुणांक (बिंदू रेषेवर किती नीट बसतात याचे माप) ०.९९७ छापला होता, आणि बहुधा त्या आकड्याने सगळ्यांना निश्चिंत केले. वाढत्या क्ष सोबत वाढणारी कोणतीही राशी मांडली तरी रेषा बऱ्यापैकी सरळ दिसतेच. सूक्ष्मरंध्री नमुन्यात त्या गुणांकावर विसंबू नये. आधी छेदाचे चिन्ह पाहावे.

आता चारही आकडे एकत्र मांडता येतात. वजन चूक, पट्टा चूक : १,१३६. वजन बरोबर, पट्टा चूक : ९१८. वजन चूक, पट्टा बरोबर : १,४२५. दोन्ही बरोबर : १,१५२. पहिल्या अहवालात चुकीच्या वजनाने २४ टक्के फुगवले आणि चुकीच्या पट्ट्याने २० टक्के घटवले, म्हणून आकडा खऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. यातली एकच चूक कोणी मनापासून सुधारली असती तर उत्तर आणखी बिघडले असते, आणि सुधारणेलाच दोष लागला असता.

पुढे काय बदलले

माल पास. अहवालात क्षेत्रफळ १,१५० असे लिहिले. शेवटच्या आकड्यापर्यंतची अचूकता या पद्धतीत नाही. सोबत पट्टा, ‘सी’, सुकल्याची घट आणि ०.३० सापेक्ष दाबावरून काढलेले रंध्रांचे घनफळ दिले. ३०५ ला ०.००१५४७ ने गुणले की ०.४७ घन सेंटिमीटर प्रति ग्रॅम येते. सूक्ष्मरंध्री कोळशासाठी हा आकडा क्षेत्रफळापेक्षा जास्त भरवशाचा. गच्च भरलेल्या रंध्रात ‘एकथर’ ही कल्पनाच सैल पडते, म्हणून अशा क्षेत्रफळाला भासमान म्हणतात. कोळशाच्या दोन खेपा एकमेकींशी ताडून पाहायला मात्र ते पुरते.

वजनासाठी नियम एकच : रिकामी ट्यूब आणि सुकलेला नमुना, दोन्ही वजनांच्या वेळी आत एकच वायू आणि वर एकच बूच. हेलियम भरायचा तर रिकामी ट्यूबही निर्वात करून हेलियम भरूनच तोलायची. ट्यूबच्या नळीत बसणारी काचेची कांडी वापरली तर मोकळी जागा घटते आणि ही चूकही आक्रसते. कांडी मात्र दोन्ही वजनांत हवी. नमुनाही थोडा जास्त घ्यावा. ट्यूबमध्ये एकूण किमान १०० चौरस मीटर क्षेत्रफळ असावे असा संकेत आहे. या कोळशाचे ९६ मिलिग्रॅमही त्याला पुरतात, पण इतक्या कमी नमुन्यात वजनाची चूक फार महाग पडते.

मापन कमी दाबापासून सुरू करायचे ठरले : ०.००१ ते ०.०५ मध्ये किमान आठ बिंदू, आणि प्रत्येक ठिकाणी दाब स्थिरावायला जास्त वेळ. ७७ केल्विनला अरुंद रंध्रांत नायट्रोजन फार हळू शिरतो. घाई केली तर वक्राचा सुरुवातीचा चढ उजवीकडे सरकलेला दिसतो. मोकळी जागा हेलियमने शेवटी मोजायची. आधी मोजली तर थोडा हेलियम अरुंद रंध्रांत अडकून पहिले बिंदू बिघडवू शकतो. द्रव आर्गॉनची सोय असेल तर ८७ केल्विनला आर्गॉन वापरावा. नायट्रोजनच्या रेणूला चतुर्ध्रुवी आघूर्ण (रेणूभर विद्युतभाराची असमान वाटणी) असल्याने तो पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांकडे विशेष ओढला जातो, आर्गॉनला तसे काही नाही. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीतही सूक्ष्मरंध्रांसाठी आर्गॉनलाच पसंती आहे.

वजनाची चूक इतके दिवस का सापडली नाही, तेही पाहिले. यंत्राची तपासणी प्रमाणित ॲल्युमिनावर होत असे, आणि त्याचा नमुना ५०० मिलिग्रॅम असे. १८.४ मिलिग्रॅमने त्याचे क्षेत्रफळ ३.८ टक्केच फुगते. स्वीकाराची मर्यादा ±५ टक्के ठेवली असल्याने ते दर वेळी पास होत गेले. तपासणीचा नमुना रोजच्या नमुन्याइतक्याच वजनाचा घेतला असता तर पहिल्याच दिवशी चोरी पकडली गेली असती.

राहिले जुने अहवाल. वहीत मूळ वजने आणि यंत्रात मूळ बिंदू शिल्लक असल्याने ते सुधारता येतात. हेलियम भरलेल्या प्रत्येक चाचणीच्या नमुन्यात १८.४ मिलिग्रॅम मिळवायचे आणि सगळे बिंदू त्या पटीत खाली आणायचे. ३०० मिलिग्रॅमच्या नमुन्याला फरक साडेसहा टक्के, ५० मिलिग्रॅमच्या नमुन्याला ५८ टक्के. कोळशांच्या बाबतीत त्यानंतर पट्टाही नव्याने निवडायचा. सिलिकांचा पट्टा आधीपासून बरोबर होता, तिथे झाकायला दुसरी चूक नव्हती, त्यामुळे ते सगळे आकडे खाली येणार. वजनांच्या वहीत आता रिकामी ट्यूब आणि सुका नमुना या दोन रकान्यांच्या मधोमध एक नवा रकाना आखला आहे : ट्यूबमधला वायू.